यंत्रं सोडली आणि यंत्रांवरच लिहायला लागले

जर्मनीत नोकरी सोडायची तर साहेबांशी बोलण्याआधी स्वतःचा निवास परवाना नीट वाचावा लागतो. मी २०१६ मध्ये ब्लू कार्डावर इथे आले. ब्लू कार्ड पदवी आणि पगार बघून देतात. त्यासोबत एक जोडकागद मिळतो, त्यावर कोणतं काम करायची मुभा आहे ते छापलेलं असतं. स्वतंत्र व्यवसायाची मुभा त्यात आपोआप येत नाही. ती हवी असेल तर निवास कायद्याच्या कलम २१ खाली वेगळा अर्ज करायचा, काम मिळणार आहे याचे पुरावे जोडायचे, पोटापुरतं कमावता येईल हे आकड्यांत दाखवायचं. वय ४५ च्या पुढे असेल तर म्हातारपणाची सोय काय, तेही दाखवायचं.

मला यातलं काही करावं लागलं नाही, कारण जर्मनची बी-वन परीक्षा मी आधीच दिलेली होती. ब्लू कार्डवाल्याकडे ते प्रमाणपत्र असेल तर २१ महिन्यांच्या नोकरीनंतर कायमचा परवाना मागता येतो. तो हातात आला की नोकरी करा, धंदा करा नाहीतर घरी बसून लिहा, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला त्याच्याशी देणंघेणं नसतं. ऑफिसात इंग्रजीवर भागतंय म्हणून जर्मनचा क्लास पुढे ढकलणारे भेटले की मी त्यांना एवढंच सांगते.

माझी नोकरी स्टुटगार्टजवळ, मशीन टूल म्हणजे धातू कापणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत होती. काम कमिशनिंगचं. ग्राहकाच्या कारखान्यात मशीन बसवायचं, चालू करून द्यायचं, चालत नसेल तर का चालत नाही ते शोधायचं, आणि रात्री हॉटेलात बसून रिपोर्ट लिहायचा. बरोबरच्या सगळ्यांना शेवटचं काम शिक्षा वाटायचं. मी त्याची वाट बघायचे. हळूहळू बाकीचे आपले रिपोर्टही 'जरा बघ ना' म्हणून माझ्याकडे पाठवायला लागले. नोकरी सोडून लिहायला लागण्याचं यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

२०२१ मध्ये राजीनामा दिला. करारात तीन महिन्यांची नोटीस होती, तीही तिमाहीच्या अखेरीसच संपणारी, त्यामुळे विचार बदलायला भरपूर वेळ मिळाला. बदलला नाही. त्या काळात रोजगार कार्यालयात चौकशी केली. बेरोजगार माणसाने स्वतःचं काही सुरू केलं तर इथे अनुदान मिळतं. पहिले सहा महिने बेरोजगार भत्त्याएवढी रक्कम आणि वर दरमहा ३०० युरो. पण तो हक्क नाही, अधिकाऱ्याला पटलं तर मिळतं. शिवाय आपणहून नोकरी सोडली की भत्ता साधारणपणे १२ आठवडे रोखतात. इतके दिवस हातावर हात धरून बसण्यापेक्षा शिलकीवर सुरुवात केलेली बरी, असं मी ठरवलं. ज्यांना कंपनीनेच काढलंय त्यांच्यासाठी मात्र योजना चांगली आहे. फक्त अर्ज काम सुरू करण्याआधी टाकायचा.

मग कर कार्यालय. स्वतःच्या जिवावर काम करणाऱ्यांचे इथे दोन वर्ग आहेत. एक 'गेवेर्बे', म्हणजे सरळ धंदा. त्याची नगरपालिकेत नोंद, चेंबरचं सभासदत्व, कमाई एका मर्यादेपुढे गेली की वेगळा व्यवसाय कर. दुसरा 'फ्राय बेरूफ'. त्यात डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, पत्रकार, अनुवादक, लेखक. त्यांना फक्त कर कार्यालयाला कळवायचं, बाकी काही नाही. ही यादी आयकर कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे आणि गंमत अशी की इंजिनीअरही तिच्यातच आहेत. म्हणजे मी ज्या दारातून बाहेर पडत होते आणि ज्या दारातून आत शिरत होते ती दोन्ही कायद्याच्या एकाच ओळीत.

नोंदणीचा फॉर्म एल्स्टर नावाच्या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. पोर्टल ऑनलाइन आहे, पण ते चालू करण्याचा कोड टपालाने घरी येतो. जर्मनी कसा देश आहे हे कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते. फॉर्ममध्ये 'कामाचं नेमकं स्वरूप' असा एक रकाना आहे. मी ऐसपैस लिहिलं होतं. कर सल्लागार बाईंनी त्यातला 'मार्केटिंग सल्ला' उडवायला लावला, कारण सल्ला आणि जाहिरात दिसली की कर कार्यालयाला धंद्याचा वास येतो. उरलं ते 'तांत्रिक विषयांवरचं लेखन आणि पत्रकारिता'. दुसरा प्रश्न विक्रीवरच्या कराचा. तेव्हा वर्षाला २२,००० युरोंच्या आत उलाढाल असणाऱ्यांना तो न लावण्याची सवलत होती. २०२५ पासून ही मर्यादा २५,००० झाली आहे. नवखे लोक डोळे मिटून ती सवलत घेतात. माझे ग्राहक सगळे कंपन्या होते आणि कंपन्यांना हा कर परत मिळतो, म्हणून मी ती नाकारली आणि लॅपटॉपपासून प्रवासापर्यंत भरलेला कर मीही परत घेऊ लागले. त्यात पुन्हा दर दोन. लेखाचे प्रसिद्धीचे हक्क विकत असाल तर ७ टक्के, बाकी कामावर १९. कुठल्या बिलावर कुठला, एवढं समजावून सांगितलं तिथेच बाईंची फी वसूल झाली.

सगळ्यात जास्त लोकांचा धीर सुटतो तो विम्यापाशी. नोकरीत आरोग्य विमा आणि पेन्शनचा अर्धा हप्ता कंपनी भरते, आपल्याला तो पगारपत्रकावरची एक ओळ म्हणूनच माहीत असतो. स्वतंत्र झालात की आरोग्य विम्याचा पूर्ण हप्ता तुमचा, आणि तो ऐकून पहिल्यांदा खाली बसावंसं वाटतं. पण लेखक, पत्रकार, चित्रकार, संगीतकार यांच्यासाठी इथे १९८३ पासून एक वेगळी व्यवस्था आहे, क्युन्स्टलरझोत्सिआलकासे. सगळे केएसके म्हणतात. तिचं कार्यालय पार उत्तर समुद्राच्या काठी विल्हेल्म्सहाफेनला. केएसकेने स्वीकारलं की हप्त्याचा अर्धा भाग तुम्ही भरायचा, २० टक्के केंद्र सरकार घालतं आणि उरलेले ३० टक्के तुमच्यासारख्यांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांवरच्या अधिभारातून येतात. २०२५ मध्ये हा अधिभार मानधनाच्या ५ टक्के होता. वर्षाला किमान ३,९०० युरो कमाई लागते, नव्यांना पहिली तीन वर्षं त्यातूनही सूट.

अर्ज जाडजूड असतो. 'मी लेखिका आहे' हे म्हणून चालत नाही. छापून आलेले लेख, करार, बिलं आणि त्या बिलांचे पैसे खात्यात आल्याचे बँकेचे कागद, हे सगळं जोडायचं. थोडक्यात, लेखक ठरण्यासाठी आधी लेखक म्हणून पैसे मिळवलेले असावे लागतात. उत्तराला महिने लागले, पण मंजुरी अर्ज पोचल्यापासून लागू होते, म्हणून पहिले दोन-तीन लेख छापून येताच मी तो टाकला होता. या मधल्या काळात खासगी विम्याचे एजंट गोड बोलतात. तरुण माणसाला तो स्वस्तही पडतो. पण तिकडून सरकारी विम्यात परतणं कठीण असतं आणि वयाच्या ५५ नंतर ती वाट जवळपास बंदच होते.

कागद झाले. आता काम.

इंग्रजीत लेख लिहून देणाऱ्यांचा तुटवडा जगात कुठेच नाही. जर्मनीत तर इंग्रजी मातृभाषा असलेले कितीतरी लोक हेच करतात आणि त्यांच्यासमोर माझ्या वाक्यांच्या नजाकतीला काही भाव नव्हता. भाव कशाला आहे ते पहिल्याच कामात कळलं. माझे जुने रिपोर्ट वाचलेल्या एका ग्राहकाने बोलावलं, गिअरचे दात कापणाऱ्या मशीनवर लेख हवा होता. त्याने मला निवडलं त्यात लेखनाचा संबंध थोडाच. समोरचा माणूस 'चॅटर' (धातू कापताना होणारी थरथर) म्हणाला तेव्हा मी त्याला त्याचा अर्थ विचारला नाही, एवढंच कारण होतं. नोकरी सोडताना मला वाटत होतं की दहा-बारा वर्षांचं इंजिनीअरिंग मी मागे ठेवून चालले आहे. खरं म्हणजे माझ्याकडे विकायला तेवढंच होतं.

त्या पहिल्या कामाला इथे 'आनवेंडरबेरिश्ट' म्हणतात, वापरकर्त्याचा वृत्तान्त. मशीन बनवणारी कंपनी पैसे देते; तिचं मशीन घेतलेल्या वर्कशॉपमध्ये आपण जायचं, मालकाशी बोलायचं आणि व्यापारी मासिकात छापून येईल असा लेख करायचा. जाहिरातच, पण वाचणाराही इंजिनीअर असतो, त्यामुळे पोकळ कौतुक चालत नाही. कंपनीच्या मार्केटिंगकडून प्रश्नावली येते आणि तिच्यात पहिला प्रश्न असतो, 'आमचंच मशीन का निवडलंत?' याला कुणीही खरं उत्तर देत नाही. मालक 'गुणवत्ता आणि सेवा' म्हणतो आणि घड्याळ बघतो. मी मालकाला सोडून ऑपरेटरकडे जाते आणि विचारते, रात्री शॉपमध्ये कुणी नसताना हे मशीन चालू ठेवता का? हो म्हणाला तर लेख मिळाला. कोणता पार्ट लावून जाता, किती तास, सकाळी आल्यावर आधी काय तपासता, पूर्वीच्या मशीनवर हे का जमत नव्हतं, सगळं आपोआप निघतं. 'नाही, रात्री नको' म्हणाला तरीही लेख मिळतो, फक्त तो छापता येत नाही. हे संवाद होतात इथल्या श्वाबियन बोलीत. बी-वन परीक्षेत तिचा मागमूस नसतो, पण कारखान्यांत हिंडून माझे कान तयार झाले होते.

लिहिणं दोन दिवसांत होतं, खरी लढाई मंजुरीची. मसुदा आधी मार्केटिंगकडे, मग सेल्सकडे, मग वर्कशॉपच्या मालकाकडे आणि बऱ्याचदा मालकाच्या गिऱ्हाइकाकडे. ते गिऱ्हाईक मोटारीचे भाग घेणारं असलं तर त्याला आपलं नावही नको असतं, भागाचा फोटोही नको आणि शक्यतो भागाचा उल्लेखही नको. उरतं काय तर 'एक धातूचा भाग'. लेख असा अडकून सहा महिने पडून राहू शकतो. म्हणून माझ्या करारात पैसे छपाईला बांधलेले नाहीत. अर्धे पहिला मसुदा दिल्यावर, अर्धे त्यानंतर ३० दिवसांनी, मंजुरी येवो न येवो. हे कलम एका मुरलेल्या जर्मन सहलेखिकेने सुचवलं, आणि आजवर कुणी त्यावर हरकत घेतलेली नाही. लेखावर माझं नाव बहुतेक वेळा नसतं. नोकरीतल्या रिपोर्टांवर असायचं, याचं मला अजून हसू येतं.

दुसरं काम माहितीपुस्तकांचं, आणि ते मला जास्त आवडतं. युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रासोबत त्या देशाच्या भाषेत सूचना द्याव्याच लागतात. युरोपीय संघाचा २००६ चा यंत्र निर्देश तसं सांगतो, आणि कोणती आवृत्ती मूळ सूचनांची आणि कोणती भाषांतर हेही पुस्तकावर लिहावं लागतं. सूचना चुकीची असेल आणि माणूस जखमी झाला तर तो उत्पादनातला दोष धरला जातो, म्हणजे एखादा बोल्ट सैल असण्याइतकंच एखादं वाक्य सैल असणं गंभीर. (व्यावसायिक उत्तरदायित्वाचा विमा मी ही कामं घेण्याआधी काढला.) धोक्याच्या सूचनांचे शब्द ठरलेले आहेत. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तर 'धोका', होऊ शकत असेल तर 'इशारा', किरकोळ इजेची शक्यता असेल तर 'सावधान'. धोक्याची सूचना आधी, कृती नंतर. एका पायरीत एकच कृती.

इंग्रजी सुधारण्यासाठी मी विमान उद्योगातली सोपी तांत्रिक इंग्रजी वापरली. एएसडी-एसटीई १०० नावाचं तिचं नियमपुस्तक मागितलं की फुकट मिळतं. काय करायचं ते सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत, वर्णनाचं २५ च्या आत, आणि मंजूर शब्दांचा ठरलेला कोश. शाळेत बक्षिसं मिळवून देणारं माझं इंग्रजी तिने सोलून काढलं.

एक उदाहरण देते. एका मसुद्यात होतं (स्पिंडल म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा), 'दार उघडण्यापूर्वी स्पिंडल थांबल्याची खातरजमा करण्यात यावी.' कुणी करायची? कशी? दाराच्या काचेला कूलंट लागलेलं असतं, आतलं दिसत नाही. मी लिहिलं, 'दिवा हिरवा होईपर्यंत थांबा. मग दार उघडा.' आणि डिझाइनवाल्यांना विचारलं, दिवा कुठे आहे? दिवा नव्हताच. आत इंटरलॉक होता, स्पिंडल थांबेपर्यंत दार उघडू द्यायचा नाही, पण बाहेर उभ्या माणसाला हे कळायची काही सोय नव्हती, म्हणून तो दार हिसकत बसायचा. पुढच्या मॉडेलला दिवा आला. कमिशनिंग करताना अशी हिसकलेली दारं मी खूप दुरुस्त केली होती.

जुन्या कंपनीने वर्षभरात परत बोलावलं. तेच टेबल, तोच बॅज, फक्त बिल लावून ये, असं म्हणाले. सलगी होती, पैसेही चांगले होते. पण इथे याला खोटी स्वयंरोजगारी म्हणतात. तुम्ही त्यांच्या वेळेत, त्यांच्या जागी, त्यांच्या हुकमाने काम करत असाल तर पेन्शन विमा संस्था नंतर तुम्हाला नोकरच ठरवू शकते आणि मागचे सगळे हप्ते कंपनीच्या गळ्यात येतात. त्यांच्याच कायदा विभागाला हे दाखवल्यावर आम्ही प्रकल्पागणिक, ठरलेल्या किमतीला, माझ्या जागेवरून काम करायचं ठरवलं. जवळजवळ सगळी कमाई एकाच ग्राहकाकडून होऊ देऊ नये, याचंही हेच कारण.

दर ठरवताना पगाराला तासांनी भागून चालत नाही. वर्षातून शनिवार-रविवार वजा करा, आमच्या राज्यातल्या १२ सार्वजनिक सुट्ट्या वजा करा, रजा आणि आजारपण वजा करा, साधारण २१५ दिवस उरतात. त्यातले जेमतेम दोन तृतीयांश बिलात जातात, बाकीचे हिशेब, प्रवास आणि नवं काम शोधण्यात. नोकरीत कंपनी भरायची ते सगळं वर चढवा. जो आकडा येतो तो बोलायला जीभ रेटत नाही. मी तो ईमेलमध्ये लिहिते.

आईला हे गणित फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पगार नाहीच?"

"पगार नाही गं आई. बिलं आहेत."

"बिलं तर आपण भरतो."

तेही खरंच. पहिलं विवरणपत्र भरलं की कर कार्यालय त्या वर्षाचा कर मागतं आणि त्याच पत्रात चालू वर्षाचे आगाऊ हप्तेही लावतं. ते दरवर्षी १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर आणि १० डिसेंबरला भरायचे असतात. म्हणून आलेल्या प्रत्येक बिलाचा तिसरा हिस्सा मी त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकते आणि तो आपला नाही असं समजते. उशिरा पैसे देणाऱ्या कंपनीला व्याज आणि वर ४० युरोंचा ठोक आकार लावायची कायद्याने मुभा आहे. मी आकार लावत नाही, आठवणपत्रात त्याचा उल्लेख तेवढा करते. पुरतो.

एक छोटी कमाई अनपेक्षित होती. म्युनिकची फाउगे वोर्ट ही १९५८ पासूनची संस्था लेखकांच्या लेखनाच्या प्रती काढल्या जातात त्याचं मानधन त्यांच्या वतीने गोळा करते. इंटरनेटवरचा लेख १,८०० अक्षरांहून मोठा असेल आणि मोजणीची खूण लावून वाचकसंख्या पुरेशी झाली, तर वर्षातून एकदा खात्यात पैसे येतात. उन्हाळी सुटीचं तिकीट निघण्याइतके नाहीत, पण कुणाला बिल न पाठवता आलेले.

नवं काम मी प्रदर्शनांत शोधते. स्टुटगार्टला सम वर्षांच्या सप्टेंबरात एएमबी हे मशीन टूलचं प्रदर्शन भरतं. पहिल्या दिवशी तिथे लेखिकेशी बोलायला कुणाला सवड नसते. शेवटच्या दिवशी दुपारी स्टॉलवरची माणसं पाय दुखवून बसलेली असतात आणि आपल्या मॅन्युअलबद्दल ग्राहक काय बोलतात ते मनापासून सांगतात. नोव्हेंबरात तांत्रिक लेखकांच्या टेकॉम संघटनेची परिषदही याच शहरात असते. तिथे गेली दोन-तीन वर्षं एकच विषय, एआय. माझ्याकडेही आता 'फक्त नजर फिरवा' म्हणून यंत्राने लिहिलेले मसुदे येतात, अर्ध्या दरात. भाषा सफाईदार असते. त्यांतल्या एकात नसलेला दिवा हिरवा होत होता. अशा कामाला मी पूर्ण दर लावते, कारण प्रत्येक वाक्य मशीनसमोर उभं राहून तपासावं लागतं.

सध्या निम्मं काम युरोपीय संघाच्या नव्या यंत्र नियमामुळे आलं आहे. २० जानेवारी २०२७ पासून तो जुन्या निर्देशाची जागा घेतो आणि सूचना डिजिटल स्वरूपात द्यायला परवानगी देतो; खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितली तर छापील प्रत महिन्याभरात फुकट द्यायची. छपाईचा खर्च वाचणार म्हणून सगळे खूश आहेत. दोन कंपन्यांची पुस्तकं मी त्यासाठी नव्याने बांधते आहे. तिसरीला अजून होकार दिलेला नाही. तिला सगळं एका क्यूआर कोडमागे टाकायचं आहे, आणि तिच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाच्या कारखान्यात मोबाइल गेटवरच काढून घेतात.